उतारा

साखर कारखान्यातल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी एक आकडा सांगता आला पाहिजे. आजचा उतारा किती? म्हणजे शंभर किलो उसामागे साखर किती किलो पडली. आमच्या पंचगंगा-वारणेच्या पट्ट्यात तो बाराच्या वर राहिला की सगळे एकमेकांशी नीट बोलतात. घसरला की मजा सुरू होते. शेती खातं म्हणतं, गिरणी रस सोडतेय. गिरणीवाले म्हणतात, रस आटवून साखर पाडणारं बॉयलिंग हाऊस साखर मळीत घालवतंय. बॉयलिंगवाले म्हणतात, ऊसच हलका आलाय. ऊस बिचारा तोवर बगॅस, म्हणजे चोथा, होऊन बॉयलरमध्ये जळून गेलेला असतो, त्याला विचारायची सोय नाही.

मी बॉयलिंगवाला. आणि लिहायला बसलोय अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघाबद्दल. त्या संघाचा उतारा एका वर्षात असा काही वाढला की आमच्या धंद्यातला माणूस ते आकडे बघून आधी प्रयोगशाळेवर संशय घेईल.

२०१७च्या ऑगस्टमध्ये मी साखर तंत्रज्ञान शिकायला लुइझियानात गेलो. लुइझियाना म्हटलं की लोकांना न्यू ऑर्लिन्स आठवतं, जॅझ आठवतो. मला तिथे उतरल्यावर आधी दिसला तो ऊस. मिसिसिपीच्या काठाने मैलच्या मैल. एत्येन द बोरे नावाच्या मळेवाल्याने १७९५ साली न्यू ऑर्लिन्सजवळ रसाची दाणेदार साखर पाडून दाखवली, तेव्हापासून तिथे हा धंदा आहे. राबणारे अर्थात गुलाम होते. त्याच न्यू ऑर्लिन्समध्ये गोऱ्या बापाच्या आणि कृष्णवर्णीय आईच्या पोटी जन्मलेल्या नॉर्बर्ट रिल्यूने एका भांड्यातल्या वाफेवर पुढचं भांडं उकळायची युक्ती काढली, १८४३ साली पेटंट घेतलं. आपल्याकडच्या प्रत्येक कारखान्यातले रस आटवणारे इव्हॅपोरेटर आजही त्याच युक्तीवर चालतात. आमच्या कारखान्याच्या भिंतीवर बरेच फोटो आहेत, रिल्यूचा नाही. असो, विषय तो नाही.

लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे एलएसयू, बॅटन रूज शहरात आहे. तिची साखर संस्था शहराच्या थोडं दक्षिणेला, सेंट गॅब्रिएलला. आपल्याकडे आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. तिथे हिवाळ्यात दंव पडतं, म्हणून नऊ-दहा महिन्यांचाच तोडतात. सप्टेंबरअखेरीस गाळप सुरू, जानेवारीच्या सुरुवातीला बंद. कॉलेज फुटबॉलचा हंगामही जवळपास त्याच काळातला. संस्थेत एक म्हातारा तंत्रज्ञ होता, चाळीस वर्षं मिलमध्ये काढलेला. त्याला मी मनातल्या मनात मामा म्हणायचो. या दोन हंगामांतला खरा कोणता, असं विचारलं असतं तर मामा विचारात पडला असता.

मामानेच मला पहिली मॅच दाखवली. तारीख पक्की लक्षात आहे, ३० सप्टेंबर २०१७, कारण त्या दिवशी दसरा होता. टायगर स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. बाहेर रस्त्याच्या पलीकडे खराखुरा वाघ ठेवलाय, माइक त्याचं नाव. सकाळपासून गाड्यांच्या मागे चुली पेटलेल्या, जांबालायाच्या, म्हणजे तिथल्या मसालेभाताच्या, कढया, गावजत्रेसारखा धूर. खंडोबाच्या जत्रेत वाढलेल्या माणसाला हे सगळं लगेच कळतं. मैदानातलं मात्र काही कळेना.

मामाने सांगितलं ते असं. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे तो ऑफेन्स, अडवणारा तो डिफेन्स. ऑफेन्सने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले की पुन्हा चार प्रयत्न. असं करत मैदानाच्या टोकाला पोचलं की टचडाऊन. प्रत्येक प्रयत्नापूर्वी सगळे थांबतात, ठरवतात, रांगेत उभे राहतात, मग पाच-सात सेकंदांची धुमश्चक्री. चेंडू घेऊन पळायचं किंवा मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकने तो लांब फेकायचा, एवढे दोनच मार्ग. बाकी सगळं त्याच्यावरचं व्याकरण.

त्या रात्री एलएसयू ट्रॉय नावाच्या संघाकडून २४-२१ने हरलं. अशा लहान संघांना मोठी कॉलेजं पैसे देऊन खेळायला बोलावतात, ते हरायला येतात अशी समजूत असते. मामा परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द बोलला नाही. दसऱ्याला मी त्याला सोनं द्यायचं ठरवलं होतं, आपट्याची पानं नव्हती म्हणून कुठल्याशा झाडाची दोन पानं खिशात घेऊन गेलो होतो. ती तशीच परत आली.

पुढच्या दोन वर्षांत मला एक गोष्ट कळली. एलएसयूचं दुखणं चांगली पोरं नसणं हे नव्हतं. लुइझियानात पोरं उसासारखी उगवतात. दुखणं ऑफेन्सचं होतं. त्यांची परंपरा म्हणजे ताकदीचा पळ. क्वार्टरबॅकच्या मागे एकामागे एक दोन गडी उभे करायचे, पुढच्याने धक्का देऊन वाट करायची, मागच्याने चेंडू पोटाशी धरून तिथून घुसायचं. समोरच्यालाही ते ठाऊक असायचं. तो आठ-आठ गडी चेंडूसमोर आणून भिंत करायचा. मग भिंतीला धडका. लेनर्ड फोर्नेटसारखा बैल असला तर भिंतही फुटायची, २०१५ साली त्याने १,९५३ यार्ड पळून काढले होते. पण अलाबामा या कॉलेजची भिंत फुटायची नाही. ५ नोव्हेंबर २०११ला शतकातली मॅच म्हणून गाजलेल्या सामन्यात एलएसयूने अलाबामाला ९-६ हरवलं होतं, दोन्हीकडून एकही टचडाऊन नाही, सगळे गुण लाथेने मारलेल्या फील्ड गोलचे. दोनच महिन्यांनी अंतिम सामन्यात तीच जोडी पुन्हा समोरासमोर आली आणि अलाबामाने २१-० असं उत्तर दिलं. त्या रात्री एलएसयूच्या ऑफेन्सने सबंध सामन्यात ९२ यार्ड कमावले. मैदान शंभर यार्डांचं असतं. मामा ही मॅच सांगताना अजूनही आवाज खाली आणायचा, घरातला कुणी गेल्यासारखा. तिथून पुढे अलाबामाशी सलग आठ पराभव.

आठवा मी स्वतः बघितला. ३ नोव्हेंबर २०१८, दिवाळी तोंडावर आलेली. आपल्याच मैदानात २९-०. माझ्या शेजारच्या बाईंनी तिसऱ्या क्वार्टरमध्ये विणकाम काढलं. त्या मैदानावर एलएसयूचा क्वार्टरबॅक होता जो बरो. ओहायो स्टेटमध्ये बाकावर बसून कंटाळलेला, इकडे आलेला. त्या वर्षी त्याने १६ टचडाऊन पास दिले, शंभरात ५८च्या आसपास पास नीट पोचले. वाईट नाही. सरासरी उतारा. बाहेरच्या बाजूला जस्टिन जेफरसन आणि जमार चेस पळत होते. चेसने अख्ख्या वर्षात २३ झेल घेतले. ही दोन्ही नावं आज फुटबॉल बघणाऱ्या कुणालाही सांगावी लागत नाहीत. तेव्हा ती मैदानाच्या कडेने पळत जायची, चेंडू भलतीकडेच जायचा, ती परत यायची.

या ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर, म्हणजे चाली ठरवणारा कोच, होता स्टीव्ह एन्समिंगर. साठीचा माणूस, बॅटन रूजचाच, सत्तरच्या दशकात याच संघाचा क्वार्टरबॅक होता. मामाच्या पिढीचा. तो मामाचा लाडका असेल असं मला वाटायचं. उलट मामाच त्याला जास्त शिव्या द्यायचा. आपल्या भावकीतला माणूस चुकला की जास्त राग येतो तसा.

हेड कोच होता एड ऑर्जरॉन. लारोज नावाच्या खाडीकाठच्या गावचा केजन, म्हणजे तिथल्या जुन्या फ्रेंच वंशाचा माणूस, आवाज असा की खडी भरलेला ट्रक उलटा होतोय. पोरवयात एलएसयूत दाखल होऊन काही आठवड्यांत सोडून गेला, काही काळ कोळंबीची फावडी मारली. पुढे ओल मिस या कॉलेजात हेड कोच झाला तिथे तीन वर्षांत १० जिंकला, २५ हरला, हाकलला गेला. यूएससी या दुसऱ्या कॉलेजात हंगामी म्हणून आठांतले सहा सामने जिंकून दिले तरी खुर्ची दिली नाही. २०१६ला एलएसयूत हंगामात मध्येच कोच काढला तेव्हा हा हाताशी होता म्हणून बसवला. अशा माणसाला पुन्हा एकदा सिद्ध करून दाखवायची खाज असते. अशा खाजेपोटी माणसं सगळं आपल्या हातात ठेवतात. याने उलट केलं, आणि ते मला अजून पूर्ण उमगलेलं नाही.

जानेवारी २०१९मध्ये त्याने जो ब्रेडी नावाचा २९ वर्षांचा पोरगा आणला. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघात दोन वर्षं तो सहायक होता, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत ट्रेनी केमिस्टपेक्षा थोडा वर. कुठल्याही संघाचा ऑफेन्स त्याने स्वतः चालवलेला नव्हता. त्याला पासिंगची बाजू सांभाळायला दिली. एन्समिंगरला काढलं नाही. कोऑर्डिनेटर तोच राहिला. दोघांनी एकाच खोलीत, मैदानाच्या वरच्या काचेमागे बसायचं.

मामा म्हणाला, भांडणं लागतील. मीही म्हणालो, लागतीलच. मला कारखाने माहीत होते.

ब्रेडीने केलं काय, ते नंतर बऱ्याच लोकांनी आकृत्या काढून समजावलं. मला समजलं ते इतकंच. मैदान लांबीला शंभर यार्ड असतं, पण रुंदीलाही ५३ यार्ड असतं, आणि ही रुंदी एलएसयू वर्षानुवर्षं वाया घालवत होतं. गिरणीत रस राहिलेला बगॅस जाळावा तसं. ब्रेडीने मधली गर्दी मोडली. चेंडू घेऊन धडक मारणाऱ्या गड्यालाही पुष्कळदा बाहेर काढलं, झेल घ्यायला पाठवलं. पाचही जण पाच दिशांना. क्वार्टरबॅकला वाचवायला फक्त पाच लाइनमन. ऐकायला आत्महत्या वाटते. पण पाच जण पसरले की समोरच्यालाही पसरावं लागतं, नाहीतर कुणीतरी मोकळा राहतो. भिंत करायला आठ गडी उरतच नाहीत. आणि समोरचा पसरला की मधली जागा रिकामी, मग तिथून पळा. शिवाय काही चाली अशा की चेंडू हातात आल्यावर क्वार्टरबॅकने समोरच्या एका गड्याकडे बघायचं. तो पुढे आला तर चेंडू त्याच्या मागे फेकायचा, मागे राहिला तर पळणाऱ्याच्या हातात द्यायचा. समोरचा काहीही करो, चूकच. निर्णय बाकावर बसलेल्या कोचने आधी घ्यायचा नाही, डोळ्यांसमोर घडतंय ते बघून पोराने घ्यायचा.

मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. आकृत्या कुणीही काढू शकतो. बरो हा कोचचा मुलगा होता, त्याच्या वडिलांनी आयुष्यभर कॉलेज संघांचे डिफेन्स शिकवले होते आणि पोराचे सामने बघता यावेत म्हणून ते त्याच सुमाराला निवृत्त झाले. समोरचा डिफेन्स वाचणं त्या पोराच्या रक्तात होतं. २०१८मध्ये त्याच्याकडून धडका मारून घेतल्या जात होत्या. २०१९मध्ये कुणीतरी त्याला विचारलं, तुला काय दिसतंय?

जेफरसनला कडेवरून उचलून आत, मधल्या जागेत आणलं. तोच पोरगा, वीस पावलं सरकवला. त्याचे झेल ५४ वरून १११ झाले. धडक मारणारा ठेंगणा क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर आदल्या वर्षी ११ झेल घेऊन होता, आता ५५ घेतले, आणि पळालाही १,४१४ यार्ड. चेसचे २० टचडाऊन.

मी तोवर परत आलो होतो. जूनमध्ये आमच्याच भागातल्या एका कारखान्यात लागलो, ऑगस्टमध्ये महापूर आला. शिरोळ, सांगली, सगळीकडे पाणी, हायवे बंद, आठ-आठ दिवस ऊस पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर शेंड्यात गाळ बसलेला ऊस बघून मला पहिल्यांदा कळलं की हंगाम सुरू व्हायच्या आधीच संपू शकतो. त्याच दिवसांत फुटबॉल सुरू झालं. बॅटन रूजची शनिवार संध्याकाळ म्हणजे आपली रविवार पहाट. ८ सप्टेंबरला पहाटे पाचला टेक्ससविरुद्धची मॅच लागली. घरचा गणपती आदल्या दिवशीच गौरीबरोबर गेलेला, मखर अजून तसंच, मी त्याच्यासमोर पाटावर बसून लॅपटॉप लावला. शेवटची अडीच मिनिटं राहिलेली, एलएसयू सहा गुणांनी पुढे. तिसरा प्रयत्न आणि सतरा यार्ड हवेत. जुनं एलएसयू इथे डोळे मिटून चेंडू पोटाशी धरून पळालं असतं, घड्याळ खाल्लं असतं आणि देवाचं नाव घेतलं असतं. बरोने पाऊल पुढे टाकत, अंगावर येणाऱ्यांतून, चेंडू जेफरसनला दिला. ६१ यार्ड, टचडाऊन. मी ओरडलो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, अरे गणपती गेलाय, आता कसली आरती?

मामाचा मेसेज आला. त्यात शब्द नव्हते, नुसते वाघ होते. अकरा वाघ.

नोव्हेंबरमध्ये अलाबामाच्या मैदानात, आपल्या रात्री दोन वाजता, ४६-४१. आठ वर्षांचा शाप गेला. हंगाम संपला तेव्हा बरोचे ६० टचडाऊन पास होते, शंभरातले ७६ पास पोचत होते, ५,६७१ यार्ड. आदल्या वर्षी संघ सामन्यामागे ३२ गुण करायचा, आता ४८. पंधरापैकी पंधरा सामने जिंकले.

ऊस तोच, गिरणी तीच, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटलो होतो. ते पूर्ण खरं नाही. कारखान्यात खोटा रिपोर्ट लिहिला की ऑडिटला सापडतो, म्हणून इथे लिहून टाकतो. आधीचा संघ काही भिकार नव्हता. २०१८ला १० जिंकले, ३ हरले, आणि शेवटच्या सामन्यात बरोने चार टचडाऊन पास दिले होते, म्हणजे ब्रेडी यायच्या आधीच त्याला सूर सापडू लागला होता. एक वर्ष मुरल्यावर लाइनमनही पक्के झाले होते, २०१९ला देशातली सर्वोत्तम लाइन म्हणून त्यांना बक्षीस मिळालं. आणि पोरं तर अशी की पुढच्या ड्राफ्टमध्ये एकट्या एलएसयूचे १४ खेळाडू व्यावसायिक संघांनी उचलले, पहिलाच बरो. ऊस मुळातच बारा टक्क्यांचा होता. नवीन कोचने गोडी घातली नाही. गोडी उसातच असते, कारखान्यात कोणी साखर तयार करत नाही, फक्त हरवू द्यायची नाही एवढंच आमचं काम. हे वाक्य मला कॉलेजात पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि मी ते परीक्षेत लिहून विसरलो होतो.

कसं विसरलो ते सांगायलाच हवं.

मी लुइझियानातून पॅन बॉयलिंगचं नवं तंत्र घेऊन आलो होतो. पॅन म्हणजे शेवटचं मोठं भांडं, त्यात पाक निर्वातात उकळत दाणा वाढवतात. कारखान्याची साखर खरी तिथे ठरते. आमच्याकडे ते काम अण्णा करायचे. पॅनमन. पस्तीस हंगाम. भांड्यातून नमुना काढून काचेच्या पट्टीवर पसरायचे, दिव्यासमोर धरायचे, मग बोटांत घेऊन तार बघायची, आणि म्हणायचे, अजून दहा मिनिटं. का दहा, ते सांगता यायचं नाही. मी सेन्सर बसवले, पडद्यावर आलेख आणला, पाकाचं पाणी किती सोडायचं ते यंत्राने ठरवायचं. व्यवस्थापन खूश. अण्णांना मी हाकललं नाही, तेवढा वाईट मी नाही. त्यांना खाली सेंट्रिफ्युगलला, म्हणजे दाण्यापासून मळी वेगळी करणाऱ्या गरगर फिरत्या यंत्रावर, पाठवलं. त्यांनी पट्टी खिशात ठेवली आणि गेले. जाताना म्हणाले, साहेब, यंदाचा ऊस पाण्यातला आहे. मी म्हणालो, माहीत आहे अण्णा.

मला खरंच माहीत होतं. पाण्यात राहिलेला, कुजत गेलेला ऊस आला की रसात डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ होतो, पाक चिकट होतो, दाणा लांबट वाढतो. लुइझियानात दंवाने मेलेल्या उसात हेच होतं, त्यावरचे पेपर मी वाचले होते, एका परिशिष्टाला माझेच नमुने होते. पण पेपर वाचणं वेगळं आणि भांड्यात आत्ता काय चाललंय ते कळणं वेगळं. माझे सेन्सर चांगल्या उसावर लावलेले होते. पडदा म्हणायचा ठीक आहे, खाली सेंट्रिफ्युगलमध्ये मळी सुटायची नाही. आलेख हिरवा आणि साखर काळी. डिसेंबरभर मी आकडे बदलत बसलो. अण्णा खाली मळी सुटत नाही म्हणून पाणी मारत उभे. मी त्यांना वर बोलवलं नाही. बोलवायचं म्हणजे काय म्हणायचं, हा प्रश्न होता.

२९ डिसेंबरला रात्री अडीचला मी अटलांटातला उपांत्य सामना लावला. ओक्लाहोमाविरुद्ध. सामन्याच्या आधी बातमी आली. त्या दिवशी सकाळी लुइझियानात लफायेटहून अटलांटाकडे निघालेलं छोटं विमान उडाल्या उडाल्या पडलं. सहांपैकी पाच जण गेले. त्यात एन्समिंगरची सून होती, खेळांची वार्ताहर, हाच सामना बघायला निघालेली. सामन्याच्या काही तास आधी त्याला कळलं.

तो काचेमागे येऊन बसला. कॅमेरा अधूनमधून तिकडे जायचा. डोळे पुसायचा, पुन्हा कागदाकडे बघायचा. शेजारी तो तिशीचा पोरगा. पहिल्या अर्ध्या सामन्यात बरोने सात टचडाऊन पास दिले, मध्यंतराला ४९ गुण होते. शेवटी ६३-२८. मी इतका एकतर्फी सामना आधी कधी बघितला नव्हता आणि त्यात मला एकदाही ओरडावंसं वाटलं नाही.

वर्षभर सगळीकडे ब्रेडी ब्रेडी चाललं होतं. पोरगं हुशार, पोरगं जादूगार. त्याला देशातला सर्वोत्तम सहायक कोच म्हणून पुरस्कारही मिळाला, आणि तो रास्तच होता. पण त्या रात्री काचेमागे बघताना माझ्या डोक्यात दुसरंच आलं. या म्हाताऱ्याच्या खुर्चीशेजारी आपल्या निम्म्या वयाच्या पोराची खुर्ची टाकली गेली, पोराच्या चाली म्हाताऱ्याच्या वहीत आल्या, श्रेय पोराला गेलं, आणि हा म्हातारा उठून गेला नाही. रुसला नाही. पोराची वही त्याने आपल्या चाळीस वर्षांत घालून घेतली. या संघातलं कोणतं पोर कधी दमतं, कोणत्या मैदानावर वारा कुठून येतो, हे ब्रेडीला कोण सांगणार होतं? आणि त्या पोराचं कौतुक असं की त्याने विचारलं असणार. न विचारता इतकं जमत नाही. मला अनुभव आहे.

मी सकाळी कारखान्यात गेलो आणि अण्णांना काहीच बोललो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

१४ जानेवारीला भोगी होती. न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये एलएसयू आणि क्लेमसनचा अंतिम सामना, आपल्याकडे सकाळी पावणेसातच्या सुमाराला सुरू. आईने तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी पुढ्यात आणून ठेवली. एलएसयू सुरुवातीला दहा गुणांनी मागे पडलं. बरोने मग पाच टचडाऊन पास दिले, एक स्वतः पळून केला. ४२-२५. लुइझियानाच्या संघाने लुइझियानातच राष्ट्रीय अजिंक्यपद घेतलं. ऑर्जरॉनचा खडीचा ट्रक पडद्यावर उलटा होत होता आणि मामाचे वाघ यायचे थांबत नव्हते.

दुपारच्या पाळीला गेलो, तिळगूळ एक दिवस आधीच घेऊन. अण्णांना सेंट्रिफ्युगलपाशी गाठलं. म्हटलं, अण्णा, वर येता का, जरा पट्टीवर बघून सांगा काय होतंय. त्यांनी तिळगूळ तोंडात टाकला, सावकाश चघळला. म्हणाले, साहेब, आता पंधरा दिवसांत ऊस संपतोय. मोळी टाकली त्या दिवशी विचारायचं होतं.

मग आले वर. पट्टी खिशातच होती. पंधरा दिवस आम्ही दोघं पॅनपाशी उभे राहिलो, मी पडद्यावर, ते दिव्यासमोर. ते म्हणायचे आता, मी आकडा टिपून घ्यायचो. उतारा काही फार वाढला नाही, पाव टक्काही नाही. मेलेल्या उसातून किती काढणार. पण आज माझ्या यंत्रात वाईट उसासाठी जे आकडे आहेत ते त्या पंधरा दिवसांतले आहेत. मे महिन्यात अण्णा निवृत्त झाले.

ब्रेडी अजिंक्यपदानंतर दोन-तीन दिवसांत कॅरोलायनाच्या व्यावसायिक संघात मोठ्या हुद्द्यावर गेला. पुढे तिथून हंगामाच्या मध्येच काढलाही गेला, मग बफेलोत पुन्हा उभा राहिला. बरो गेला, जेफरसन गेला, चेसने कोविडच्या वर्षी खेळायचंच नाही असं ठरवलं. २६ सप्टेंबर २०२०ला एलएसयूचा पहिला सामना मिसिसिपी स्टेटशी होता. माइक लीच नावाचा, आयुष्यभर चेंडू फेकायचंच वेड घेतलेला कोच तिथे नव्याने आला होता. त्याच्या क्वार्टरबॅकने एलएसयूच्या डोक्यावरून ६२३ यार्ड फेकले. ४४-३४. कोविडमुळे स्टेडियम बरंचसं रिकामं होतं, आवाज नव्हता. हंगाम पाच जिंकले, पाच हरले यावर संपला. आणखी एका वर्षाने ऑर्जरॉनही गेला. अजिंक्यपदाला दोन वर्षंही झाली नव्हती.

त्या पहिल्या हरलेल्या मॅचनंतर दोन दिवसांनी अण्णांचा फोन आला होता. यंदा ऊस कसा आहे, बॉयलर कधी पेटवताय, असं सगळं झालं. मग म्हणाले, आणि तुमची ती वाघाची टीम?

हरली, म्हटलं. पहिलीच.

माणसं तीच?

नाही, बरीच गेली. तो पोरगा कोचपण गेला.

आणि तो म्हातारा? सून गेलेला?

तो आहे.

मग बसेल घडी, अण्णा म्हणाले, आणि पावसाचं विचारायला लागले.

हंगाम संपल्यावर एन्समिंगरलाही कोऑर्डिनेटर पदावरून बाजूला केलं. ते मी अण्णांना सांगितलं नाही.